मोरीची जागा

"मी गोठ्यात राहायला येणार नाही," असं मी शरदला तीनदा सांगितलं. एकदा जेवताना, एकदा तो दाढी करत असताना, आणि एकदा मुद्दाम पाहुण्यांच्या देखत. तिन्ही वेळा तो म्हणाला, "आई, गोठा नाही गं तो. स्टोन स्ट्रक्चर आहे."

स्ट्रक्चर म्हणे! मेल्याने इंजिनियर होऊन एवढंच मिळवलं.

आम्ही तेव्हा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये राहायचो, एका जीन्सच्या कारखान्याच्या डोक्यावर. खाली बावीस मशिनी. सकाळी आठला त्या सुरू झाल्या की आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायला लागायची. आमटीत निळा दोरा निघाला तर कोणी मान वर करून बघायचं नाही, काढायचा आणि ताटाच्या कडेला ठेवायचा. पण पायाखाली फरशी होती, दारावर नंबर होता, आणि कुणी पत्ता विचारला तर सांगायला लाज वाटत नव्हती. मला तेवढं पुरत होतं. घरमालक साईंना मात्र वरच्या मजल्यावरही मशिनी टाकायच्या होत्या. भला माणूस, हात जोडून म्हणाला, "अम्मा, अगली दिवाली तक का टाइम लो, पर ढूंढ लो."

मग शरद शोधायला लागला. अंबरनाथच्या फॅक्टरीत पंधरा वर्षं अधिकारी असलेला माझा एकुलता एक मुलगा. शोधून शोधून त्याने काय शोधलं? तर बदलापूर गावात, नदीच्या अंगाला, हिरामण नावाच्या शेतकऱ्याचा दगडी गोठा. पूर्वी म्हणे तिथं घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. आता लोक आया बदलत असतील.

माघातल्या एका रविवारी आम्ही तो बघायला गेलो. शरद, माझी सून सुहासिनी, नात मीनल आणि मी. स्टेशनाबाहेर एक रिक्षावाला उभा होता. शरदने त्याला रस्ता सांगायला तोंड उघडलं, तोच तो म्हणाला, "आमच्या गोठ्यावर ना? बसा." तो हिरामणचाच मुलगा निघाला, सदू. रस्त्यात भेटेल त्याला तो ओरडून सांगत होता, "गोठ्यावर चाललोय, गिऱ्हाईक आलंय!" मी पदर तोंडावर घेतला. गोठ्याच्या अलीकडे एक विहीर आहे, तिथंच मी रिक्षा थांबवायला लावली आणि उरलेली वाट चालत गेले. पुढेही नेहमी तसंच केलं. गोठ्याच्या दारात रिक्षातून उतरायचं नाही, हा माझा नेम.

गोठा मात्र, खोटं कशाला बोला, दांडगा होता. काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, वर सागाचे वासे, कौलं. हिरामणच्या आजोबाने बांधलेला. आत अंधार आणि वास. तो वास नाकात शिरला आणि माझे पाय दारातच थबकले. सुहासिनीला वाटलं मला चक्कर आली. तिने पाणी आणलं. मी म्हटलं, "काही नाही, चढ होता."

चढ कसला आलाय! सगळं सपाट.

आता सांगतेच, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. मी सहा वर्षांची असताना माझे वडील गेले. आई मला घेऊन मामाकडे आली, दापोलीच्या पुढे एका वाडीत. मामाचं घर भरलेलं, त्यामुळे आमची सोय गोठ्यात झाली. एका अंगाला चार गाई, दुसऱ्या अंगाला आई आणि मी. पाच वर्षं. शाळेत पोरं माझ्याजवळ येऊन नाक उडवायची. माझं नाव उमा, पण मला सगळे 'गोठ्यातली' म्हणायचे. आई सांगायची, कुणी विचारलं कुठं राहतेस, तर मामाच्या घरी म्हणायचं, गोठा म्हणायचं नाही. ती तापाने गेली तेव्हा मामाने तिला उचलून ओटीवर आणून निजवलं, आणि मगच लोकांना हाक मारली. बहीण गोठ्यात मेली असं कुणी म्हणायला नको म्हणून. मी अकरा वर्षांची होते. लग्न झाल्यावर विष्णुपंतांना, म्हणजे आमच्या ह्यांना, मी मामाच्या घरी वाढले एवढंच सांगितलं. ते गेले तोवर त्यांना कळलं नाही. मुलाला कळलं नाही. आणि आता हा शहाणा मला सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा तिथंच घेऊन चालला होता, वर विचारत होता, "कसं आहे व्हेंटिलेशन?"

तर व्यवहार ठरत आला. हिरामण पन्नाशीचा, गळ्यात माळ, बोलायला मऊ. त्याने नवा गोठा शेतावर बांधला होता आणि जनावरं तिकडं नेली होती. सगळं बोलून झाल्यावर तो टोपी काढून म्हणाला, "सायेब, येक अट हाय. मोरीची जागा तीच ऱ्हायला पायजे. ह्यो कोपरा. ती दुसरीकरं जायाची नाय."

शरद हसला. "अहो, मोरी तर हवीच! मोरीशिवाय घर असतं का?"

हिरामण पुढे सरकला. "सायेब, खरा बोलता?"

"म्हणजे काय! आमच्याकडे सकाळी उठल्यावर पहिलं काम तिथंच असतं."

हिरामणच्या डोळ्यांत पाणी आलं. "शिकलेला मानूस, पन किती समजून हाय," असं तो माझ्याकडे बघून म्हणाला.

आता गंमत ऐका. शरद शहरात वाढलेला. त्याला मोरी म्हटलं की अंघोळीची, भांडी घासायची मोरी. शरदच्या मनात सांडपाण्याची वाट, गावात त्यावरून भांडणं होतात म्हणून बिचारा हिरामण अट घालतोय. सुहासिनीचं तेच. पण मी कोकणातली. मामाच्या गोठ्यात चार गाई होत्या, पवळी, चांदी, हरणी आणि मोरी. मोरी हे गाईचं नाव असतं हे मला कोणी सांगायला नको.

मी बोलणार होते. अगदी जिभेवर आलं होतं. मग मनात आलं, कशाला? होऊ दे की. घर बांधून होईल, ऐन वेळी हिरामण गाय घेऊन उभा राहील, हा म्हणेल मोरी म्हणजे न्हाणी, तो म्हणेल मोरी म्हणजे गाय, चांगली जुंपेल, आणि आम्ही मुकाट्याने कॅम्प तीनला एखादी खोली बघू. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला त्या अंधाऱ्या गोठ्यात एकदम चांदणं दिसायला लागलं.

"ह्या कागदावर लिवा," हिरामण म्हणाला. शरदने स्वतःच्या सुंदर अक्षरात स्टँपपेपरवर लिहिलं : 'मोरीची पूर्वीची जागा कायम ठेवण्यात येईल व तिला कोणत्याही प्रकारे अडचण होऊ दिली जाणार नाही.' आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मराठी भाषेत मोरी कुठलीही असो, 'तिला'च म्हणायचं असतं, त्याला मी काय करणार?

"आजी, बराबर हाय ना?" हिरामणने मला विचारलं.

"अगदी बरोबर," मी म्हटलं.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं म्हणतात. गोठ्याचं घर कसं करावं ह्यावर म्हण नाही, कारण तो मूर्खपणा आधी कुणी केला नसावा. जनू गवंडी पहिल्या दिवशी खिडकी पाडायला बसला आणि चौथ्या दिवशी त्याच्या छिन्नीने प्राण सोडला, भिंतीला टवकासुद्धा गेला नाही. "साहेब, ही भिंत नाय, किल्ला आहे," तो म्हणाला. शेवटी दोन खिडक्यांना दीड महिना लागला. सुहासिनीने लांबलचक दगडी गव्हाण फोडू दिली नाही. तिच्यावर कडाप्पा टाकून तिने स्वयंपाकाचा ओटा केला. बैलांनी जिथं कडबा खाल्ला तिथं ही पोळ्या लाटणार! भिंतीतल्या गाई बांधायच्या लोखंडी कड्यांना शरदने कपड्यांची दोरी बांधली. जमीन दोन हात खणून माती बदलली, चुना झाला, फिनेल झालं, धूप झाला, कापूर झाला. वास काही हलेना. शरद म्हणायचा, "जातोय हळूहळू." मी म्हणायचे, "हो ना, आपण यायच्या आधी तोच घाईने निघालाय."

दर रविवारी आम्ही जायचो, आणि दर रविवारी हिरामण यायचा. आल्या आल्या पहिला प्रश्न, "मोरीचा काय केलात?"

"मोठी ठेवा हां," तो सांगायचा. "तिला वलता आला पायजे."

शरद मला कुजबुजला, "ह्यांना वळून वळून अंघोळ करायची सवय असेल." आणि त्याने मोरी दहा बाय आठची केली. सुहासिनी चिडली. "माझं स्वयंपाकघर एवढंसं आणि मोरी एवढी? आपण काय तिथं पंगती बसवणार आहोत?" पण स्टँपपेपरवर लिहिलेलं. शरदसाहेब शब्दाचे पक्के.

जूनमध्ये मोरीला लाद्या बसल्या. पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत, तोंड दिसेल अशा. हिरामण दारात उभा राहिला आणि त्याने वाकून लादीवर बोट फिरवलं.

"मोरीला... लाद्या?"

"मग! चांगल्यातल्या आणल्यात."

"आनि ह्यो नल?"

"चोवीस तास पाणी. वर टाकी बसवतोय."

"तिला रोज धुनार?"

"रोज. आठवड्यातून एकदा ॲसिडने."

हिरामण दचकला. "ॲसिड नको, सायेब! कातडीला... नको नको. साध्या पान्यानीच बरी."

"बरं, साध्या पाण्याने. आम्ही सगळे अंघोळही इथंच करणार."

"तुमी बी? हितंच? तिच्यासंगत?"

"मग दुसरीकडे कुठं करणार?"

हिरामणने डोक्यावरची टोपी काढली. मग त्याने दोन्ही हात जोडले. "सायेब, तुमी मानूस नाय, देव हाय." मी पदराचा बोळा तोंडात कोंबून विहिरीकडे पळाले. तिथं बसून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मागून तो आलाच. "आजी, मोरी सध्या वांगणीला हाय, बहिनीकरं. हिकरं गडबड ना? पन खात नाय नीट. तिची आई हितं व्याली, ती बी हितंच जन्मली. दसऱ्याला आनतो तिला." मी मान हलवली. तेव्हा ती खात नाही हे मनाला जरा लागलं. पण जरासंच. लगेच मी ठरवलं की आपण काही केलेलं नाही, आपण फक्त बोललो नाही.

दसऱ्याचा मुहूर्त धरला होता. आदल्या दिवशी सामान टेंपोने आलं. काचेची भांडी फुटू नयेत म्हणून सुहासिनीने खालच्या कारखान्यातून जीन्सच्या चिंध्यांची चार पोती आणली होती. घराचं नाव 'विष्णुसदन' ठेवायचं असं शरदने ठरवलं होतं, पाटी रंगवून तयार होती. मी माझी ट्रंक मात्र कॅम्प तीनलाच ठेवली. शरदने विचारलं तर म्हटलं, "राहू दे, मागाहून बघू." सून माझ्याकडे बघत राहिली. ती हुशार आहे, तिला काहीतरी वास आला होता, आणि तो गोठ्याचा नव्हता.

पूजेला चिंतामणी गुरुजी आले. अंबरनाथचे, स्कूटरवर. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "सवत्स धेनू कुठंय? वास्तूत पहिलं पाऊल गाईचं पडलं पाहिजे, वासरासकट." शरदने आधीच सोय करून ठेवली होती. हिरामणला सांगितलं होतं, एक गाय लागेल. हिरामण म्हणाला होता, "म्हंजे काय, ती तर येनारच ना."

आणि ती आली. काळ्या अंगावर पांढरे शिंतोडे, शिंगांना झेंडूच्या माळा, कपाळाला हळदकुंकू, आणि पोट हे एवढं. हिरामण नव्या पैरणीत, मागे सदू.

"वासरू?" गुरुजींनी विचारलं.

"हाय ना," हिरामण म्हणाला. "पोटात हाय. दोन-चार दिस अजून."

गुरुजींनी शास्त्रात बसवलं. "हरकत नाही. सवत्सच म्हणायची." सुहासिनीने गाईच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं. शरदने फोटो काढायला कॅमेरा डोळ्याला लावला. गाईने उंबऱ्यात पाय ठेवला, मान वर करून एकदा वास घेतला, आणि जी निघाली ती सरळ. होमकुंडाला वळसा घातला, पाटावरच्या वास्तुपुरुषाकडे ढुंकून पाहिलं नाही, मोरीचा नवा फुलाफुलांचा पडदा शिंगाने बाजूला केला आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. पडदा शिंगावर तसाच.

"आता बाहेर घ्या तिला," शरद म्हणाला.

"बाहेर?" हिरामण हसला. "सायेब, आता ती कशाला बाहेर जाते? मोरी आली तिच्या जाग्यावर."

"हो, मोरीतच गेलीये ती, म्हणून तर म्हणतोय."

"मोरीतच नाय. मोरीच."

"मोरीच काय?"

"ती. मोरी."

शरदने गाईकडे पाहिलं, मग नळाकडे, मग हिरामणकडे. हिरामणने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि पुढे धरला. शरदने स्वतःचंच सुंदर अक्षर वाचलं. 'पूर्वीची जागा कायम.' 'तिला कोणत्याही प्रकारे.' त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. मग हिरामणलाही उमगलं, आणि तो बिचारा शरदपेक्षा जास्त पांढरा पडला. "म्हंजे सायेब, तुमी त्या... नलाच्या... आनि मी गावभर सांगतोय की सायेब माझ्या गायीसंगत अंघोल करनार!"

ह्याच घटकेची मी नऊ महिने वाट बघत होते. म्हणायचं वाक्यसुद्धा घोकून ठेवलं होतं : 'बघ, मी म्हटलं नव्हतं, गोठा तो गोठाच. चला परत.' मी तोंड उघडलं.

आणि मोरीने कण्हल्यासारखा आवाज काढला.

तो आवाज मी छप्पन्न वर्षांत ऐकला नव्हता, पण ऐकताच ओळखला. शेपटी वर धरलेली, पाठ कमानीसारखी. वांगणीहून चालत आणलेली, वाजंत्री, धूर, माणसं. दोन-चार दिवस कसले, ती आत्ताच अडली होती. तिने बसायला म्हणून पुढचे पाय वाकवले आणि पांढऱ्याशुभ्र, तोंड दिसेल अशा लाद्यांवर मागचे पाय फर्रकन दोन बाजूंना घसरले. ती धडपडली, कशीबशी उठली, पुन्हा घसरली. हिरामण ओरडला, "पाय मोडंल! फाकली तर उठायची नाय पुन्हा!"

त्या लाद्या कुणी लावल्या? शरदने नाही. मी लावल्या. एक शब्द बोलले असते तर तिथं दगडाची खरबरीत फरशी असती आणि मुका जीव असा घसरला नसता.

"चिंध्या!" मी ओरडले. "सुहास, ती पोती आण! सदू, ओत सगळी तिच्या पायाखाली! हिरामण, डोकं धर. शरद, उभा काय राहिलायस कॅमेरा घेऊन, ती कड्यांना बांधलेली दोरी सोड, ओढायला लागेल. गुरुजी, तुमचे मंत्र चालू ठेवा, पण धूर कमी करा!"

मी शालू गुडघ्यांवर खोचला आणि चिंध्यांत बसले. चार पोती जीन्स, ढोपरभर. मोरीचे पाय रुतले, ठरले, आणि ती सावकाश आडवी झाली. पुढचं मला आठवावं लागलं नाही, हातांनाच माहीत होतं. आधी दोन खूर दिसले, मग नाक. ती कळ देईल तेव्हाच ओढायचं, खालच्या बाजूला ओढायचं, आणि घाई करायची नाही. मी तिच्या कानात बोलत होते, माझी आई बोलायची तसंच. "हो गं बाई, हो. झालंच. माझी शहाणी ती." गुरुजी बाहेरून विचारत होते, "यजमान, संकल्पात गृह म्हणू की गोष्ठ म्हणू?"

बाराच्या सुमाराला कालवड झाली. मी तिचं नाक पुसलं, तोंडात बोट घालून चिकटा काढला, आणि सुहासिनीने दिलेल्या चिंध्यांनी अंग खसखसून चोळलं. कालवडीने शिंक दिली. मग मोरी वळली आणि चाटायला लागली. दहा बाय आठमध्ये तिला नीट वळता आलं.

"आजी, ती निळी आहे!" मीनल किंचाळली.

खरंच होती. चिंध्यांचा कच्चा रंग लागून पांढरी कालवड पाठीपासून शेपटीपर्यंत निळी झाली होती. माझे हात कोपरापर्यंत निळे. गुरुजींनी वाकून पाहिलं आणि हात जोडले. "साक्षात गोपाळकृष्ण!" ते म्हणाले. "कालवड आहे गुरुजी," मी म्हटलं.

सुहासिनी माझ्याजवळ उकिडवी बसली होती. तिने हळूच विचारलं, "आई, तुम्हाला हे सगळं कसं येतं?"

साठ माणसं होती घरात. शेजारचे, फॅक्टरीतले, साईसुद्धा सहकुटुंब आलेले. 'मामाच्या घरी होत्या गाई,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझ्यासमोर मोरी तिच्या पोरीला चाटत होती, आणि मला माझी आई दिसली, अंधारात माझे केस विंचरणारी. ती गोठ्यात जगली, गोठ्यात मेली, आणि तिला तिची जागासुद्धा आम्ही नाकारली. मला रडू फुटलं.

"मी गोठ्यात वाढले," मी मोठ्याने म्हटलं. "पाच वर्षं. माझी आई गोठ्यात गेली. लोकांना कळू नये म्हणून मामाने तिला ओटीवर आणली, आणि मी तुझ्या सासऱ्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही. आणि हिरामण, मोरी म्हणजे गाय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला इथं यायचं नव्हतं म्हणून मी गप्प बसले. तुझी गाय मरता मरता वाचली, आणि ती वेळ माझ्यामुळे आली. काय बोलायचं ते मला बोल."

शरद म्हणाला, "आई! नऊ महिने तुला माहीत होतं? मी ॲसिडचं बोललो तेव्हापण?"

"तेव्हा तर मी विहिरीवर जाऊन हसले."

शरदही निळ्या चिंध्यांत येऊन बसला आणि लहानपणी टेकवायचा तसं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. हिरामण डोळे पुसत म्हणाला, "आजी, मी नेतो तिला उद्या. नव्या गोठ्यावर. सवय होईल." आणि त्याने तो कागद फाडायला घेतला.

मी कागद त्याच्या हातातून हिसकावून घेतला. "खबरदार! बाळंतिणीला जागेवरून हलवतात का? आणि लेखी दिलंय आम्ही. मोरीची जागा कायम."

"पण आई," सुहासिनी म्हणाली, "मग आपण अंघोळ कुठं करायची?"

त्या प्रश्नाचं उत्तर पुढचे बारा दिवस विहिरीवर, चार बांबू आणि निळी ताडपत्री लावून मिळालं. शरदसाहेब पहाटे टॉवेल गुंडाळून ताडपत्रीमागे जायचे आणि गावातल्या बायका मुद्दाम त्याच वेळी पाण्याला यायच्या. घरात खरवस इतका झाला की साईंना कॅम्प तीनला डबे गेले. मग जनूने घराच्या मागच्या भिंतीला लागून मोरी-कालवडीसाठी एक पडवी काढून दिली, खाली खरबरीत दगड. लाद्यांचा कोपरा आम्हाला अंघोळीला परत मिळाला, पण तो आणि पडवी ह्यांच्यामध्ये त्याने भिंतीत एक झरोका पाडला, त्याला तीन आठवडे लागले. त्या झरोक्यातून मोरी रोज सकाळी अंघोळ करणाऱ्याकडे बघत उभी राहते. तिचं म्हणणं ती जागा तिचीच आहे, आणि कागद बघितला तर तिचं खरं आहे.

कालवड झाल्याच्या तेराव्या दिवशी मी कॅम्प तीनला जाऊन माझी ट्रंक आणली. एकटीच गेले, एकटीच आले. बदलापूर स्टेशनाबाहेर नेमकी सदूची रिक्षा नव्हती, दुसराच कोणी पोरगा होता. त्याने ट्रंक मागे टाकली आणि विचारलं, "आजी, कुठं?"

"गोठ्यावर," मी म्हटलं.

"कुणाच्या?"

"माझ्या," मी म्हटलं. "आणि विहिरीपाशी थांबू नकोस. दारात ने."